सॅमसंग एम ३१, साडेपाच वर्षांनी: बदलायचा का अजून चालवायचा?

फोन किती वर्षं वापरायचा हे दुकानदाराला विचारलं तर दोन वर्षं, कॉलेजच्या पोरांना विचारलं तर एक वर्ष आणि आमच्या अण्णांना विचारलं तर बंद पडेपर्यंत. माझं उत्तर यांच्या मधलं कुठलंतरी आहे आणि ते मी २०२० पासून खिशात असलेल्या सॅमसंग गॅलेक्सी एम ३१ वरनं देतोय. म्हणजे रिव्ह्यू एकाच फोनचा आहे, पण ज्याच्याकडं कुठलाही तीनचार वर्षं जुना मिडरेंज अँड्रॉइड आहे त्याला यातलं बरंचसं लागू पडेल. फोन म्हातारा होतो तो बॅटरीमुळं आणि धोक्याचा होतो तो अपडेट बंद झाल्यावर. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, लोक पहिलीसाठी सतरा-अठरा हजार घालतात आणि दुसरीकडं ढुंकूनपण बघत नाहीत, मला हेच सांगायचंय.

आधी फोनची माहिती. भारतात फेब्रुवारी २०२० च्या शेवटी हा आला, मार्चमध्ये विक्री चालू झाली आणि लगेच लॉकडाऊन. त्यात १ एप्रिलपासून मोबाईलवरचा जीएसटी १२ चा १८ टक्के झाला, त्यामुळं आधी जाहिरातीत बघितलेली किंमत आणि दुकानं उघडल्यावर सांगितलेली किंमत यात फरक. मी ६ जीबी रॅम १२८ जीबीवाला घेतला, सतरा हजाराच्या आसपास पडला. ६००० एमएएचची बॅटरी, ६.४ इंची ॲमोलेड स्क्रीन, ६४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, दोन सिम आणि त्याशिवाय मेमरी कार्डाला वेगळी जागा, हेडफोनचं भोक, आणि बॉक्समध्ये १५ वॉटचा चार्जर. हसू नका, आज वीस हजार घेऊन दुकानात जा आणि यातल्या शेवटच्या तीन गोष्टी एका फोनात मिळतायत का बघा.

वापर कसला ते सांगितल्याशिवाय रिव्ह्यूला अर्थ नाही. मी सांगलीत मार्केट यार्डात अडत दुकानात काम बघतो, हळद आणि बेदाणा. सीझनमध्ये सकाळी सौदे सुरू झाले की दुपारपर्यंत फोन खाली ठेवायला मिळत नाही. हळकुंडाचे फोटो, बेदाण्याच्या बॉक्सचे फोटो, ते व्हॉट्सॲपवर बाहेरच्या व्यापाऱ्यांना, मग त्यांचे फोन, मग शेतकऱ्याचे फोन, पट्टीचा फोटो, परत फोन. संध्याकाळी यूपीआयचे हिशोब. गेम नाही, व्हिडिओ एडिटिंग नाही. पण धूळ मात्र भरपूर, आणि ती पण साधी नाही, हळदीची. या फोनच्या स्पीकरची जाळी कधीच पिवळी झालीय आणि कव्हर काढलं की आतल्या कडेला पिवळी रेघ दिसते, ती कशानं पुसून जात नाही.

पहिली दोन-अडीच वर्षं बॅटरीबद्दल बोलायचं कामच नव्हतं. सकाळी लावला की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. २०२१ च्या जुलैत कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा आमच्याकडं लाईट गेली, मेव्हण्याचा भारीतला फोन रात्रीच झोपला आणि हा पुढं दोन दिवस चालला, मोबाईल डेटा बंद ठेवून फक्त फोनाफोनीला. पुलाखाली पाणी किती फुटावर आलंय हे अख्खी गल्ली माझ्या फोनवर विचारून घेत होती. त्या दोन दिवसांतच माझे सतरा हजार वसूल झाले असं मी धरतो.

तिसरं वर्ष सरलं तशी बॅटरी उतरायला लागली. दुपारी चार वाजता २० टक्के. १५ टक्क्यांवरनं एकदम बंद. यात कंपनीची चूक काही नाही, लिथियम आयन बॅटरीचा स्वभावच तो आहे. पूर्ण एक चार्ज म्हणजे एक सायकल धरतात (आज ५० टक्के आणि उद्या ५० टक्के वापरली तर दोन्ही मिळून एक), आणि काही शे सायकल झाल्या की तिची कपॅसिटी ८० टक्क्यांच्या आसपास येते. ॲपल स्वतः सांगतं की आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० सायकलला ८० टक्के राहतील अशा बनवलेल्या आहेत आणि १५ पासून पुढं १००० सायकल. युरोपात तर २० जून २०२५ पासून नियमच आलाय की ८०० सायकलनंतर ८० टक्के राहिलीच पाहिजे. आता तुम्ही रोज एक सायकल खात असाल तर दोन-अडीच वर्षांत काय होणार याचा हिशोब तुम्हीच लावा. मोठ्या बॅटरीचा खरा फायदा इथं आहे, रोज पूर्ण सायकल होतच नाही त्यामुळं ती जास्त वर्षं टिकते. माझी तेवढी टिकली ती त्यामुळंच.

आणि उन्हाळा. उष्णता ही बॅटरीची सगळ्यात मोठी वैरी, त्यातपण १०० टक्के चार्ज आणि वर उष्णता हे सगळ्यात वाईट. आपल्याकडं एप्रिलमध्ये ऊन चाळीसच्या घरात जातंय आणि लोक काय करतात तर गाडीच्या हँडलला फोन अडकवून मॅप लावून चार्जिंगला लावून तासगावला जातात. तासगाव येईपर्यंत फोन हातात धरवत नाही. बेदाण्याच्या शेडवर पत्र्याखाली फोन चार्जिंगला लावून ठेवणारे पण बघितलेत. असल्या फोनची बॅटरी दीड वर्षात गेली तर कंपनीला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

तर बॅटरी बदलायची ठरवली. हाच या सगळ्यातला महत्त्वाचा भाग आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी एका मोठ्या चकचकीत दुकानात गेलो, नाव घेत नाही, एसी आणि काचेचा दरवाजावालं. काउंटरवरच्या पोरानं फोन हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाला, "सर आता याला खर्च करण्यात पॉइंट नाही, एक्स्चेंजला टाका, नवीन फाइव्हजी बघूया." एक्स्चेंजला किती म्हटलं तर दोन हजाराच्या वर बोलेना. बॅटरी किती खराब झालीय हे त्यानं तपासलं पण नाही, आणि ते तपासायला लागतंय किती तर सॅमसंग मेंबर्स ॲप उघडायचं, डायग्नोस्टिकमध्ये बॅटरीवर दाबायचं, चांगली का कमकुवत ते लिहून येतंय.

मग मारुती रोडच्या आतल्या बाजूला एक रिपेअरिंगवाला आहे, जेमतेम एक टेबल मावेल एवढी जागा, तिथं गेलो. पंचविशीतला पोरगा. त्यानं आधी टॉर्च मारून चार्जिंगच्या भोकात बघितलं आणि म्हणाला, "काका, काय भाजी करताय का काय यात?" सुईनं हळूहळू टोकरलं तर आतनं पिवळी गोळीच निघाली, हळद आणि खिशातला कापूस मिळून घट्ट झालेली. ब्रशवर आयसोप्रोपिल (सफाईचं अल्कोहोल) घेऊन साफ केलं आणि केबल लावली तर खट्ट करून बसली, गेलं वर्षभर मी केबल तिरकी धरून चार्ज करत होतो. "पोर्ट बदलायचं काही काम नाही काका, साफ करायचे पैसे नाही घेत, बॅटरी मात्र टाकाच." दुसरा कोण असता तर चार्जिंगची पट्टी बदललीय म्हणून चारपाचशे लावले असते आणि मी गपगुमान दिले असते.

मागचं पॅनेल प्लॅस्टिकचं असल्यामुळं पिक फिरवून निघालं, काचेच्या पाठीच्या फोनला हे काम हॉट प्लेटवर ठेवून गम सैल करून करावं लागतं आणि तिथं काच तडकायची भीती असते. घेताना काचेची पाठ भारी दिसते पण चौथ्या वर्षी प्लॅस्टिकची किंमत कळते. जुनी बॅटरी काढल्यावर त्यानं टेबलावर आडवी ठेवून बोटानं दाबून दाखवली, मध्ये पोट आलं होतं तिला, थोडंच पण आलं होतं. फुगलेल्या बॅटरीचा फोन वापरत राहू नका, टोचू नका, दाबू नका, आणि ती घरच्या कचऱ्यात तर अजिबात टाकू नका, घंटागाडीत दाबली गेली की पेट घेऊ शकते.

बॅटरीत पण तीन प्रकार सांगितले त्यानं. एकदम लोकल, फर्स्ट कॉपी, आणि कंपनीच्या सर्व्हिस पॅकमधली. लोकलवर ६००० छापलेलं असतं पण आत तेवढी नसते, उचलल्यावर वजनालाच हलकी लागते, हे त्यानं दोन्ही माझ्या हातात देऊन दाखवलं. मी ओरिजिनल टाकली, मजुरीसकट दीड हजाराच्या आत गेलं. सहा महिन्याची वॉरंटी हातानं लिहून दिली. त्या रात्री घरी आलो तर आमच्या मिसेस म्हणाल्या, "नवीन घेतला काय ओ?" कारण मी जेवताना चार्जर शोधत नव्हतो.

बॅटरी बदलल्यावर फोन पळायला लागला असं लोक म्हणतात ते काही वेळा खरंच असतं. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ॲपलनं कबूल केलं होतं की जुनी बॅटरी असलेल्या आयफोनचा स्पीड सॉफ्टवेअरनं मुद्दाम कमी केला जातो, कारण थकलेली बॅटरी एकदम जोराचा करंट देऊ शकत नाही आणि फोन धाडकन बंद पडतो. केवढा बोभाटा झाला, शेवटी त्यांनी बॅटरी बदलायचा रेट ७९ डॉलरचा २९ डॉलर केला आणि लोकांच्या लक्षात आलं की अरे नवीन फोनाची गरजच नव्हती. माझ्या फोनात असलं काही होत होतं असं मी म्हणत नाही, पण फोन संथ झाला म्हणून एक्स्चेंजला टाकायच्या आधी दीड हजार घालून बघायला काय जातंय.

संथपणाचं दुसरं कारण म्हणजे स्टोरेज. १२८ पैकी १२० भरलेलं, त्यातलं अर्धं व्हॉट्सॲपच्या गुड मॉर्निंगचं आणि बाकीचं तेच फोटो दोनदोनदा. गोडाऊन खचाखच भरलं की एक पोतं काढायला चार पोती हलवायला लागतात, फोनच्या मेमरीचं अगदी तसंच चालतं, तिला लिहायला मोकळी जागा लागते. निदान पंधरा-वीस टक्के मोकळं ठेवायचं. मी जुने सीझनचे फोटो मेमरी कार्डावर टाकले, मग पूर्ण बॅकअप घेऊन एकदा फॅक्टरी रिसेट मारला आणि लागतील तेवढीच ॲप परत घातली. रिपेअरिंगवाल्याकडं "सॉफ्टवेअर मारायला" तीनचारशे देतात लोक, बऱ्याच वेळा तो तिथं हेच करतो. एवढं करूनपण आज हा फोन वेगवान आहे असं म्हणणार नाही. बँकेचं ॲप उघडायला वेळ घेतो, मॅप आणि कॉल एकत्र चालू असलं की अडखळतो. ॲप दरवर्षी जड होत जातात आणि प्रोसेसर आहे तोच राहतो, त्याला इलाज नाही.

स्क्रीन अजून झकास आहे, एकही डाग नाही. कॅमेरा दिवसा चांगला, रात्री यथातथा, आणि हळदीचे फोटो काढणाऱ्यांनी सीन ऑप्टिमायझर बंद ठेवावा नाहीतर माल आहे त्यापेक्षा पिवळा दिसतो आणि मग समोरचा व्यापारी माल बघितल्यावर भांडतो. कॅमेऱ्यासाठी मी फोन कधीच बदलणार नाही. घरातलं लग्न असेल तर फोटोग्राफर असतोय की.

फाइव्हजीचं काय, हे सगळे विचारतात. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात फाइव्हजी सुरू झालं तेव्हा हा फोन अडीच वर्षांचा होता आणि हा फक्त फोरजी आहे. त्या दिवसापासून मला फोन जुना झाला असं सांगणारे चिक्कार भेटले. मला अजून फरक पडलेला नाही, फोटो जातायत, कॉल लागतोय. पण एक हिशोब खरा आहे. कंपन्या रोज २ जीबीच्या आणि त्यावरच्या प्लॅनवर फाइव्हजी अनलिमिटेड देतात आणि फोरजीवाल्याला तेच पैसे भरून २ जीबीवर थांबावं लागतं. घरी वायफाय नसेल आणि पोरगी त्याच नेटवर लेक्चर बघत असेल तर फाइव्हजी फोन घेण्यात दम आहे. आमची मुलगी वालचंद कॉलेजला आहे, तिला फाइव्हजीवालाच घेऊन दिला, तिथं मी कंजूसपणा केला नाही. स्वतःसाठी मात्र केला आणि त्यात मजेत आहे.

आता दुसरी गोष्ट, अपडेट. इथंच मी आता या फोनबद्दल नरम पडलोय. अँड्रॉइड १० वर आला, मग ११, मग १२, तिथं थांबला. सिक्युरिटी अपडेट चार वर्षं, सॅमसंगनं २०२१ मध्ये तसं जाहीरच केलं होतं, आणि बोलल्याप्रमाणं दिले. म्हणजे २०२४ मध्ये संपले. तेव्हापासून फोन चालतोय पण आत सापडणारी भोकं कोणी बुजवत नाही. लोकांना वाटतं अपडेट म्हणजे आयकॉन गोल व्हायचे आणि बॅटरी जास्त खायची. तसं नाही. २०१५ मध्ये स्टेजफ्राइट नावाचा दोष सापडला होता, नुसत्या एका एमएमएसवरनं अँड्रॉइड फोनात घुसता येत होतं, समोरच्यानं तो उघडायची पण गरज नव्हती. त्यानंतरच गुगलनं दर महिन्याला सिक्युरिटी पॅच काढायला सुरुवात केली. तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये अबाउट फोन, सॉफ्टवेअर इन्फॉर्मेशन, तिथं सिक्युरिटी पॅच लेव्हलची तारीख लिहिलेली असते, आत्ता जाऊन बघा. दीड-दोन वर्षं जुनी असेल तर हा परिच्छेद तुमच्यासाठीच आहे.

लगेच घाबरायचं पण कारण नाही. अँड्रॉइड १० पासून पुढं काही भाग प्ले स्टोअरमधनं अपडेट होत राहतात, प्ले प्रोटेक्ट चालू असतं. ॲपवाले पण एकदम सोडत नाहीत, व्हॉट्सॲप २०२५ मध्येपण अँड्रॉइड ५ पर्यंत चालत होतं, क्रोमनं २०२५ मध्ये ८ आणि ९ ला सोडलं आणि १० पासून पुढं ठेवलं. म्हणजे १२ वाला माझा फोन इतक्यात उघडायचा बंद होणार नाही. आणि खरं सांगू का, आपल्याकडं लोकांचे पैसे जातायत ते जास्त करून व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिका किंवा आरटीओ चलान म्हणून आलेली एपीके फाइल (म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरनं ॲप बसवायची फाइल) स्वतःच्या हातानं इन्स्टॉल करून. ते कालच घेतलेल्या लाखाच्या फोनवरपण होतं. अपडेट तुम्हाला तुमच्यापासून वाचवत नाहीत.

तरीपण मी एक केलं. अडतीचे मोठे व्यवहार ज्या खात्यातनं होतात त्या खात्याला जोडलेलं सिम मिसेसच्या नव्या फोनात टाकलं आणि ते बँकेचं ॲप या फोनवरनं काढून टाकलं. इथं छोट्या खात्याचं यूपीआय तेवढं ठेवलंय, त्यात चहा, भडंग आणि पेट्रोलपुरते पैसे असतात. हॅक झालाच तर चोराला भडंग मिळेल. जुना फोन ओढायचाच असेल तर एवढी व्यवस्था कराच, आणि ज्यांच्याकडं घरात दुसरा फोन नाही त्यांनी पॅच बंद झाल्यावर वर्षभरात बदलून टाकावा असं माझं मत आहे, फोन कितीही टकाटक दिसत असला तरी.

आमचा पुतण्या कुपवाड एमआयडीसीत कामाला आहे, त्याचं गणित वेगळं. त्याचा दर दिवाळीला नवा फोन, ईएमआयवर. मला म्हणतो, "काका, नो कॉस्ट ईएमआय आहे, व्याज कुठं लागतंय." लागतंय की बाबा, प्रोसेसिंग फी लागते, व्याजाच्या रकमेवर जीएसटी लागतो, आणि रोख घेणाऱ्याला मिळणारा डिस्काउंट बऱ्याचदा तुला मिळत नाही. त्यात अँड्रॉइडची किंमत पहिल्याच वर्षात धाडकन पडते. दरवर्षी बदलणारा माणूस तीच सगळ्यात मोठी घसरण दरवर्षी स्वतःच्या खिशातनं भरतो आणि पुढच्याला स्वस्तात चांगला फोन देतो. त्याचे आधीचे दोन फोन कोणाकडं गेले विचारा, आमच्याच दुकानातले हमाल मामा ते वापरतायत आणि दोन्ही एकदम मस्त चालतायत. त्यामुळं पुतण्याला मी जास्त बोलत नाही, कोणाचंतरी भलं होतंय.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी तेवढं बघा की स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल केल्यावर आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा ओळख नंबर, येतो, तो केवायएम लिहून स्पेस देऊन १४४२२ ला एसएमएस करायचा, फोन चोरीचा म्हणून ब्लॉक झालेला असेल तर कळतं. संचार साथी पोर्टलवर पण बघता येतं. आणि दुकानदार मॉडेल नवं आहे म्हणाला तरी त्याला अपडेट कधीपर्यंत आहेत ते आधी शोधा, कारण चार वर्षांचे अपडेट असलेला फोन तीन वर्षं जुना घेतला तर तुमच्या वाट्याला एकच वर्ष उरतं. हे कोणीच बघत नाही, सगळे कॅमेऱ्यात तोंड बघतात.

आता नवा घ्यायचाच झाला तर काय बघायचं. माझ्या दृष्टीनं आता सगळ्यात पहिला आकडा अपडेटचा. गुगलनं पिक्सेल ८ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२३ पासून, सात वर्षं द्यायला सुरू केलं, सॅमसंगनं एस २४ पासून सात वर्षं. पण ते महाग फोन झाले. आपल्या कामाची गोष्ट म्हणजे सॅमसंगचा ए १६ फाइव्हजी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये एकोणीस हजाराच्या आसपास आला आणि त्याला सहा वर्षांचे अपडेट आहेत. माझ्या एम ३१ च्या जवळपासच्याच किमतीत दोन वर्षं जास्त. अजून कितीतरी फोन त्याच किमतीत जास्त रॅम, जास्त मेगापिक्सेल, झटपट चार्जिंग दाखवतात आणि अपडेटचं विचारलं की दोन किंवा तीन वर्षं. दुकानातला पोरगा हे आपणहून सांगणार नाही, विचारलं तर "सर येत राहतात ओ अपडेट" म्हणेल. कंपनीच्या वेबसाइटवर बघा. ए १६ ला पण बॉक्समध्ये चार्जर नाही हे आधीच सांगतो, नाहीतर घरी येऊन बॉक्स उलटा करून झटकत बसाल.

दुसरं म्हणजे बॅटरी ५००० च्या खाली नको, आणि घ्यायच्या आधी रिपेअरिंगवाल्याला विचारा की याचे पार्ट मिळतात का. डिस्प्ले कॉम्बो केवढ्याला, बॅटरी केवढ्याला. ज्या मॉडेलचं नाव ऐकून तो डोकं खाजवतो ते घेऊ नका. युरोपात त्याच जून २०२५ च्या नियमात सात वर्षं पार्ट द्यायची सक्ती आहे, आपल्याकडं अजून मारुती रोडवरच अवलंबून राहायचंय.

आणि घाई असेल नसेल, सध्या बाजार महागच आहे. २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरी चिपची एवढी उचल झालीय की रॅमचे भाव चढले आणि ते फोनच्या किमतीत उतरायला लागलेत. अशा वेळी चालू फोनमध्ये दीड हजाराची बॅटरी घालून वर्षभर काढणं हा सरळ फायद्याचा सौदा आहे, अर्थात पॅच चालू असतील तर.

माझा हिशोब असा: दहाबारा हजाराचा फोन तीन ते चार वर्षं, पंधरा ते पंचवीसमधला पाच वर्षं पण मध्ये एकदा बॅटरी बदलून, आणि सात वर्षं अपडेटवाला महागडा घेतलाच असेल तर सातच्या आत बदलायचा विचारपण करू नका, नाहीतर कशाला तेवढे पैसे घातले. कॉल टॅक्सी किंवा डिलिव्हरी करणाऱ्यांचं वेगळं, त्यांचा फोन दिवसभर उन्हात आणि चार्जिंगला, त्यांनी दोन वर्षांत बॅटरी बदलायची धरूनच चालावं.

एम ३१ ला पाचपैकी चार स्टार. एक कापला तो अपडेटसाठी. चारच वर्षं पॅच आणि बाकी फोन सहा वर्षं चालेल असा बनवायचा, हे काही पटत नाही. रिपेअरिंगवाल्या पोराला पाचपैकी पाच, पत्ता पाहिजे असेल तर मारुती रोडला कोणालापण "बारकं मोबाईलचं दुकान, पिवळा पडदा" विचारा, सोमवारी बंद असतंय. मी पाडव्यानंतर, हळदीचे पैसे मोकळे झाले की, नवा बघणार आहे. हा विकणार नाही, दोन हजारात काय येतंय, सिम काढून अकाउंट काढून दुकानातल्या काउंटरवर वायफायवर ठेवणार, मालाचे फोटो काढायला आणि भाव बघायला. हमाल मामांनी त्याच्यावर आधीच डोळा ठेवलाय, पण त्यांना म्हटलं तुम्ही पुतण्याची दिवाळी येऊपर्यंत थांबा.